‘पडून राहा’ ते ‘उठून चाला’: रुग्णाला चालवणाऱ्या यंत्रांची दीडशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना झालेले जास्तीचे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ काढलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय सोपा वाटेल. हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला चालतं करायचं आणि त्यासाठी तंत्रज्ञान वापरायचं. मनगटावरचा बँड, पावलं मोजणारं ॲप, स्क्रीनवरचा खेळ, असं सगळं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे माझा पहिला समज असाच होता की ही गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गोष्ट असणार. वाचत गेलो तसं लक्षात आलं की यंत्र ही यातली सोपी बाजू आहे. अवघड होतं ते डॉक्टरांना, नर्सना आणि नातेवाइकांना हे पटवणं, की आजारी माणसानं खाटेवरून उठावं. त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं पटलेलं नाहीये.

विश्रांती हेच औषध

सुरुवात लंडनपासून करू. गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन हिल्टन नावाचे सर्जन होते. १८६० ते १८६२ या काळात त्यांनी व्याख्यानं दिली आणि १८६३ साली त्यांचं पुस्तक निघालं. विषय एकच: विश्रांती. हिल्टन यांचा मुद्दा असा, की वेदना हा शरीराचा निरोप आहे. दुखतंय म्हणजे तो भाग हलवू नका. हलवला नाही तर निसर्ग आपलं काम करतो. हे पुस्तक सर्जनांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं.

आता आपण हसायला मोकळे आहोत, पण त्या काळात जाऊन बघा. अँटिबायोटिक्स नाहीत. टाके कच्चे. जखम उसवली, चिघळली, की माणूस गेलाच. मोडलेलं हाड हललं तर वाकडं जुळणार. अशा वेळी ‘हलू नका’ हा सल्ला खुळा नव्हता. जे हाताशी होतं त्यात तोच सुरक्षित वाटायचा. घोळ पुढे झाला. मोडलेल्या पायासाठी जो नियम होता, तो हळूहळू आख्ख्या माणसाला लागू झाला. पाय मोडलाय, झोपा. बाळंतपण झालंय, झोपा. हर्नियाचं ऑपरेशन झालंय, दोन-तीन आठवडे झोपा.

अमेरिकेत फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी तर १८७०च्या दशकात विश्रांतीचाच उपचार काढला. मुख्यतः ‘नसांचा थकवा’ आलेल्या बायकांसाठी. सहा ते आठ आठवडे अंथरुणात, भरपूर दूध, माणसांशी भेटणं बंद. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेनं हा उपचार १८८७ साली स्वतः भोगला आणि १८९२ मध्ये त्यावर ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली. ती आजही कॉलेजात शिकवली जाते. पण मला यातलं एक वेगळंच प्रकरण महत्त्वाचं वाटतं. मिचेल या रुग्णांना रोज मालिश आणि विजेचे झटके द्यायचे. कशासाठी? तर पडून राहून स्नायू झडू नयेत म्हणून! म्हणजे पडून राहण्यानं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. उत्तर समोर असूनही त्यांनी ते वळसा घालून गाठलं. इंजिनिअरिंगमध्ये असं आपण रोज बघतो. मूळ बग तसाच ठेवायचा आणि त्यावर पॅच मारायचा.

स्टॉकहोमची लिव्हरवाली जिम

गंमत म्हणजे हिल्टन यांचं पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, स्वीडनमध्ये नेमकं उलटं घडत होतं. गुस्ताव झांडर या डॉक्टरांनी स्टॉकहोममध्ये संस्था काढली, जिथे यंत्रांवर व्यायाम करून घेतला जायचा. स्वीडनमध्ये तेव्हा व्यायामोपचाराची परंपरा होतीच, पण तिथे प्रत्येक रुग्णामागे एक शिकलेला माणूस लागायचा, जो हातानं प्रतिकार देणार. झांडर यांनी त्या माणसाच्या जागी लिव्हर, वजनं आणि चाकं आणली. वजन दांड्यावर पुढे-मागे सरकवलं की जोर कमी-जास्त. म्हणजे उपचाराला आकडा आला. आज अमुक खाचेवर, पुढच्या आठवड्यात एक खाच पुढे.

ही यंत्रं युरोप-अमेरिकेत पसरली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरच्या व्यायामशाळेतला विजेवर चालणारा उंट प्रसिद्ध आहे, तो याच घराण्यातला. आजच्या जिममधली मशिनं बघितलीत तर झांडर यांचे नातू-पणतूच आहेत ती.

पण एक अडचण होती. या संस्थेत जायला तुम्हाला आधी चालत जावं लागायचं, आणि खिशात पैसे लागायचे. वॉर्डात खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत हे यंत्र पोचलंच नाही. हॉस्पिटलच्या आत अजूनही हिल्टन यांचंच राज्य होतं.

लढाई आली आणि खाटा कमी पडल्या

वॉर्डात पहिला खडा टाकला शिकागोच्या एमिल रीस यांनी. १८९९ साली त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं, की पोटाच्या ऑपरेशननंतर मी रुग्णांना लवकर उठवतो आणि ते लवकर बरे होतात. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढची चाळीस वर्षं बहुतेक ठिकाणी रुग्ण झोपूनच राहिले.

मग दुसरं महायुद्ध आलं. जखमी जास्त, खाटा कमी, नर्स त्याहून कमी. रुग्णाला तीन आठवडे झोपवणं परवडेना. लवकर उठवले गेलेले रुग्ण मरतील अशी भीती होती. उलट ते बरे दिसायला लागले. न्यूमोनिया कमी, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या कमी. १९४४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या त्याच नियतकालिकात विश्रांतीच्या अतिरेकावर लेख आले. विल्यम डॉक यांनी पूर्ण बेडरेस्टचे दुष्परिणाम मांडले. डेट्रॉइटचे सर्जन डॅनियल लाइथाउझर यांनी १९४६ मध्ये लवकर चालवण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

आणि १९४७च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रिचर्ड ॲशर यांचा तो प्रसिद्ध लेख आला, अंथरुणात जाण्याच्या धोक्यांबद्दल. ॲशर लिहायला मोठे मिश्कील. एकेका अवयवाची हजेरी घेत ते सांगतात: फुप्फुसात कफ साचतो, शिरांमध्ये रक्त गोठतं, कातडीला व्रण पडतात, हाडातलं कॅल्शियम निघून जातं, लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, आणि शेवटी मनही खचतं. आठ दशकं होत आली, पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा आज टिकून आहे.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय. रीस यांनी १८९९ मध्ये पुरावा दिला तेव्हा कुणी हललं नाही. खाटा कमी पडल्यावर सगळे हलले. पद्धत बदलायला पुरावा लागतोच, पण बऱ्याचदा अडचणच ढकलते. हे पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

खुर्ची नावाचं यंत्र

हृदयविकाराचा किल्ला मात्र अजून शाबूत होता. हार्ट अटॅक आला की चार ते सहा आठवडे सक्त झोपायचं. कूस बदलायची नाही, जेवणही नर्स भरवणार. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचा तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ठरवलं, की रुग्णाला पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवायचं. बस्स, एवढंच. पाय खाली सोडून बसलं की हृदयावरचा भार कमी होतो, हे लेव्हिन यांचं म्हणणं.

आज वाटतं यात काय मोठंसं? पण हॉस्पिटलातले ज्युनिअर डॉक्टर इतके भडकले, की लाउन वॉर्डात आले की ते त्यांना नाझी पद्धतीचा सलाम ठोकायचे. लाउन हे लिथुआनियात जन्मलेले ज्यू, हे ध्यानात घ्या. त्यांच्या डोळ्यांपुढे हा रुग्णांवरचा क्रूर प्रयोग होता. १९५२ मध्ये ८१ रुग्णांचा अनुभव छापून आला: बसवल्यानं नुकसान झालं नव्हतं, रुग्ण जास्त समाधानी होते. हळूहळू जगभर सहा आठवड्यांचे काही दिवस झाले. याच लाउन यांनी पुढे १९६२ मध्ये डीसी डिफिब्रिलेटर आणला, आणि अण्वस्त्रांविरुद्धच्या त्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेला १९८५चं शांततेचं नोबेल मिळालं. तरी मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्यांची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दूरवर पोचलेली टेक्नॉलॉजी म्हणजे ती खुर्ची.

बाण, पाणी आणि पेटकर

इंग्लंडमध्ये एलसबरीजवळ स्टोक मँडव्हिल हॉस्पिटल आहे. १९४४च्या फेब्रुवारीत तिथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला. प्रमुख लुडविग गुटमान, १९३९ मध्ये जर्मनीतून निसटलेले ज्यू न्यूरॉलॉजिस्ट. तेव्हा कमरेखाली लुळा पडलेला सैनिक म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती असंच धरलं जायचं. पाठीला व्रण, लघवीतून इन्फेक्शन, आणि शेवट. गुटमान यांनी दर दोन तासांनी रुग्ण वळवायला लावलं, आणि मग त्यांना खेळायला लावलं.

२९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, या हॉस्पिटलच्या आवारात १६ माजी सैनिकांनी व्हीलचेअरवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. तीच वाढत वाढत १९६० मध्ये रोमला पोचली, आणि ते पहिले पॅरालिम्पिक मानले जाते. म्हणजे पॅरालिम्पिकचं मूळ एका वॉर्डातल्या व्यायामात आहे!

आणि इथे आपला माणूस येतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आला तेव्हा सगळ्यांना कळलं, पण त्या पदकामागे कुठल्या तरी उपचार करणाऱ्यानं ‘आता पोहून बघा’ म्हटलेलं आहे, हे सिनेमा बघताना कुणाच्या ध्यानात राहतं?

त्याच काळात आपल्याकडेही पाया रचला जात होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

पाच पोरं आणि तीन आठवडे

आता आकड्यांकडे येऊ. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला पाच तरुणांना, सगळे वीस वर्षांचे, तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे आधी आणि नंतर मोजलं. क्षमता सरासरी एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावून तपासलं. तीस वर्षांच्या म्हातारपणानं त्यांची क्षमता जितकी घटवली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांनी घटवली होती! अर्थात पाचच माणसं, पण पुढच्या प्रयोगांनी दिशा तीच दाखवली. २००७ मध्ये निरोगी वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायातला जवळपास एक किलो स्नायू गेला. हे निरोगी लोक होते. आजारी माणसाचं काय होत असेल, बघा.

म्हणजे आता कारण पक्कं झालं. राहिला प्रश्न मोजण्याचा. वॉर्डातला माणूस किती हलतो, हे कळणार कसं?

एअरबॅगमधली चिप

पावलं मोजायचं यंत्र जुनं आहे. १७८०च्या सुमारास स्विस घड्याळजी अब्राहम-लुई पेरले यांनी ते बनवलं होतं. पण घराघरात नेलं जपाननं. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर व्यायामाची लाट आली होती, आणि १९६५ मध्ये यामासा कंपनीनं ‘मानपो-केई’ बाजारात आणलं. अर्थ सरळ आहे, दहा हजार पावलांचं मीटर. आपण आज ज्या दहा हजारांच्या मागे लागतो, तो आकडा आला या नावातून. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांवरच्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, की सुमारे साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढत नाही, आणि ४,४०० पावलांनाही चांगलाच फरक दिसतो.

जुन्या मीटरमध्ये आत हेलकावणारं वजन असायचं. खरी उडी मारली ती सिलिकॉनच्या ॲक्सेलरोमीटर चिपनं. ही चिप १९९०च्या दशकात गाड्यांच्या एअरबॅगसाठी आली. गाडी आदळली की क्षणात ओळखायचं, एवढंच तिचं काम. स्वस्त झाली तशी ती दुसरीकडे शिरली. २००६ मध्ये निन्टेंडोचा ‘वी’ आला, ज्याचा रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवला की पडद्यावर टेनिस खेळता यायचं. फिजिओथेरपिस्टनी तो ताबडतोब उचलला. पक्षाघाताच्या रुग्णाला ‘हात पन्नास वेळा उचला’ सांगण्यापेक्षा ‘एक गेम खेळू’ म्हणणं सोपं होतं. त्याच ‘वी’वरून कल्पना सुचून जेम्स पार्क यांनी एरिक फ्रीडमन यांच्याबरोबर २००७ मध्ये फिटबिट काढली. अपघात ओळखणारी चिप आता चालणं ओळखू लागली.

वॉर्डातला आरसा

मग ही चिप हॉस्पिटलात गेली, आणि जे दिसलं ते लाजिरवाणं होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून एक अभ्यास आला. हॉस्पिटलमध्ये दाखल झालेले ४५ वृद्ध माजी सैनिक, सगळे आजारपणाआधी चालते-फिरते. अंगाला सेन्सर लावले. दिवसातला ८३ टक्के वेळ ते झोपून होते. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं. आणि यातले बहुतेक जण स्वतःहून चालू शकत होते!

२०१३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या सुमारे दीडशे रुग्णांना फिटबिट लावून बघितलं. सुरुवातीच्या दिवसांतली पावलं आणि किती दिवसांत, कुठे डिस्चार्ज मिळाला याचा संबंध दिसला. २०१७ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी वयस्क रुग्णांसाठी एक आकडा मांडला: दिवसाला ९०० पावलं. त्याखाली गेलेल्यांची ताकद हॉस्पिटलमध्येच ढासळण्याची शक्यता जास्त. दहा हजार विसरा मंडळी, नऊशे! वॉर्डातून बाथरूमला जाऊन-येऊन, कॉरिडॉरला दिवसातून चार-पाच चकरा. एवढ्याशा गोष्टीवर माणूस चालत घरी जाणार की उचलून न्यावा लागणार, हे बरंचसं अवलंबून असतं.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. वय ८१, न्यूमोनियासाठी एका हॉस्पिटलमध्ये ११ दिवस. गेले तेव्हा रिक्षातून उतरून स्वतः पायऱ्या चढले होते. उपचार उत्तम झाला, फुप्फुसं साफ झाली. पण पलंगाचे कठडे कायम वर. उठायला बघितलं की सिस्टर प्रेमानंच म्हणायच्या, “आजोबा, उठू नका हं, पडाल.” मावशी पलंगावरच भांडं आणून द्यायच्या. आईही तेच म्हणायची, “पडा हो बाबा जरा, इथे तरी आराम करा.” घरी आले ते व्हीलचेअरवर. त्यांच्या पलंगाला लटकवलेल्या कागदावर ताप, बीपी, साखर, लघवी किती मिली, सगळं दर चार तासांनी लिहिलेलं होतं. किती पावलं चालले, याला रकानाच नव्हता.

कुणाचा दोष म्हणू? सगळे काळजीच घेत होते. पण सिस्टीममध्ये ज्या गोष्टीला फील्डच नाही, ती गोष्ट सिस्टीमच्या लेखी घडतच नाही. पुढे सहा महिने घरी फिजिओ आले आणि आजोबा काठी घेऊन जिन्यापर्यंत पोचले. पायऱ्या मात्र पुन्हा चढले नाहीत.

उलट्या कामाची यंत्रं

आता याची दुसरी बाजू. हॉस्पिटलात जितकं तंत्रज्ञान माणसाला चालवायला आलं, तितकंच त्याला झोपवून ठेवायलाही आलंय. सलाइनचा स्टँड, लघवीची पिशवी, मॉनिटरच्या वायरी. या सगळ्यांना काही ना काही कारण आहे, पण एकत्र मिळून त्या दोऱ्याच होतात.

अमेरिकेतलं उदाहरण बघा. २००८ मध्ये तिथल्या सरकारी विमा योजनेनं ठरवलं, की हॉस्पिटलमध्ये रुग्ण पडून जखमी झाला तर त्या जखमेचा वाढीव खर्च आम्ही देणार नाही. हेतू चांगला होता. परिणाम असा की पडणं टाळण्यावर भर आला, आणि न पडण्याचा सोपा मार्ग म्हणजे उठूच न देणं. पलंगाखाली प्रेशर पॅडचे अलार्म आले. रुग्ण उठला की ठणाणा. २०१२ मध्ये २७ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत या अलार्मचा वापर वाढवून बघितला, तर पडण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. मघाशी म्हटलं ना, अडचण ढकलते? ती दोन्ही दिशांना ढकलू शकते. १९४०च्या दशकात खाटांच्या टंचाईनं माणसाला उठवलं, आणि २००८ मध्ये बिलाच्या नियमानं त्याला परत झोपवायला हातभार लावला.

आणि ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हेही खरं नाही. २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना लवकर हालचाल करवणारी चाचणी आली. १०४ रुग्णांपैकी ज्यांना लवकर हलवलं, त्यातले ५९ टक्के डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात ३५ टक्के. सगळे खूश. पण २०१५ मध्ये पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरची मोठी चाचणी आली, पाच देशांतली. २४ तासांच्या आत, जास्त वेळा, जास्त वेळ उठवलेल्या गटात चांगला परिणाम ४६ टक्के, आणि नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्यांत ५० टक्के. म्हणजे घाई नडली. नंतरच्या विश्लेषणात दिसलं, की थोडं थोडं पण वारंवार उठवणं बरं. व्यायाम हे औषध म्हणायचं असेल तर मग त्याला डोसही असतो.

मग यंत्रानं नक्की काय करायचं?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुणाचं ऑपरेशन झालंय त्यांनी ते प्लॅस्टिकचं खेळणं पाहिलं असेल. तीन नळ्या, तीन रंगीत गोळे. श्वास आत ओढला की गोळे वर. त्याला इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर म्हणतात. अमेरिकन सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना रुजवली. बॅटरी नाही, ॲप नाही, तरी हा अस्सल गेम आहे: लक्ष्य दिसतं, प्रयत्न दिसतो, निकाल ताबडतोब दिसतो. आजोबा-आजी “आज तिसरा गोळा उचलला” असं कौतुकानं सांगतात. आणि तरीही, पोटाच्या ऑपरेशननंतर या उपकरणामुळे गुंतागुंत कमी होते का, हे पुढे तपासलं तेव्हा ठोस पुरावा हाती आला नाही. खेळ आवडला म्हणजे औषध लागू पडलं असं होत नाही. गेमिफिकेशन करणाऱ्या आम्हा मंडळींनी हे टेबलावर लिहून ठेवावं.

खेळानं माणूस उठतो, यात मात्र शंका नाही. २०१६च्या उन्हाळ्यात ‘पोकेमॉन गो’ आला, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या सी. एस. मॉट बाल रुग्णालयात पोरं आपणहून पलंग सोडून कॉरिडॉरमध्ये पोकेमॉन शोधायला लागली.

शिवाय मोजण्यातही मेख आहे. मनगटावरचा बँड निरोगी माणसाच्या हात हलवण्यावर बेतलेला असतो. वॉकर धरून किंवा सलाइनचा स्टँड ढकलत चालणाऱ्या माणसाचा हात हलतच नाही. हळू, पाय घासत टाकलेलं पाऊल चिपला पाऊल वाटत नाही. आजीबाई कॉरिडॉरभर चालून येतात आणि स्क्रीन म्हणते शून्य! अशानं त्या दुसऱ्या दिवशी उठतील का? सेन्सर घोट्याला लावला तर मोजणी बरीच सुधारते. माझ्या मते हॉस्पिटलसाठी काही बनवणाऱ्यानं पहिला दिवस कोड लिहिण्यात घालवू नये. वॉर्डात बसून लोक कसे चालतात ते बघावं.

आणि शेवटचा मुद्दा: आकडा कुणाला दिसतो? रुग्णाच्या मोबाईलमध्ये दिसून उपयोग कमी. तो राउंडच्या वेळी डॉक्टरांना, ड्यूटीवरच्या सिस्टरला आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाला दिसायला हवा. परदेशातल्या बऱ्याच वॉर्डांत नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे: प्रत्येक पलंगाशी घरचं एक माणूस. आज ते माणूस पाणी देतं, औषधं आणतं आणि उरलेला वेळ मोबाईल बघतं. त्याला कुणी सांगितलं, की काकूंना सकाळी, दुपारी, संध्याकाळी खिडकीपर्यंत हात धरून न्या, आणि या कागदावर रेघ मारा, तर हजारो रुपयांच्या सेन्सरचं निम्मं काम झालं. सिस्टरवरचा भारही वाढत नाही.

तेव्हा एक छोटं काम सांगतो. घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये असेल तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना सरळ विचारा: “डॉक्टर, आज यांनी किती चालायचं? की नाही चालायचं?” काही आजारांत उत्तर ‘अजिबात नाही’ असं असेल, आणि ते ऐकायचं. स्वतःच्या मनानं कुणाला उठवू नका. पण उत्तर ‘चालू द्या’ असेल तर ते पलंगाला लटकवलेल्या त्या कागदावर लिहून घ्या, आणि चालून झालं की खाली तारीख-वेळ टाका. रकाना छापलेला नसेल तर पेननं आखा.

भाग आवडला तर ज्यांच्या घरी सध्या कुणी ॲडमिट आहे त्यांना आवर्जून पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत असाल तर एक चक्कर मारत ऐका!